विचारून केलेला उतार

"थांब गोविंदा, पाइप ठेव खाली."

गोविंदा मिस्त्रीनं नालीत टाकायच्या सिमेंटच्या पाइपाचं एक टोक उचलून धरलं होतं. ते तसंच धरून त्यानं मान वळवली. "आता काय झालं भाऊ? रेती आली, गिट्टी आली. सिमेट ओलं झालं त दगड होईन त्याचा."

"आधी इचारून येतो," धम्मरत्न म्हणाला.

"कोनाले?"

कोणाला विचारायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

अनसिंग गावातल्या त्या रस्त्याला लागून धम्मरत्नचं घर होतं. आधी डांबरी सडक, तिच्या कडेला मातीचा पट्टा, मग उघडी नाली, नालीवर एक फरशी, तिथून तीन पायऱ्या, वर ओटा आणि ओट्यावर दार. घर बांधलं तेव्हा पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यानं मुद्दाम जोतं उंच घेतलं होतं. त्या उंचीचा त्याला पुढं बरीच वर्षं अभिमान होता. मग बायकोचं, चंपाबाईचं, डावं अंग गेलं, आणि त्या तीन पायऱ्या एखाद्या डोंगरासारख्या मधे उभ्या राहिल्या.

चंपाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. दिवसभर गावात पायी हिंडणारी बाई. कोणाच्या घरी बाळ आलं, कोणाचं पोर वजनात मागं पडलं, हे तिला आधी कळायचं आणि त्या घरच्यांना नंतर. आता ती चाकाच्या खुर्चीत बसून होती. खुर्ची लेकीनं, पल्लवीनं, अकोल्याहून आणली होती. पल्लवी तिथं दवाखान्यात नर्स होती. खुर्ची चांगली होती, पण ती घरातल्या घरातच फिरायची. बाहेर न्यायचं झालं की शेजारचा प्रेमसिंग आणि त्याचा भाऊ यायचे, दोघं मिळून चंपाबाईला खुर्चीसकट उचलून खाली उतरवायचे. एकदा उतरवताना खुर्ची कलली आणि तिचं लुगडं सरकलं. समोरच्या टपरीवर चार माणसं चहा पीत उभी होती. तिनं उजव्या हातानं पदर ओढला, डोळे मिटून घेतले आणि दवाखाना येईपर्यंत उघडलेच नाहीत. त्यानंतर दवाखान्याशिवाय बाहेर पडायचं नाव तिनं काढलं नाही.

म्हणून उतार करायचा होता. दारापासून सडकेपर्यंत सरळ सिमेंटचा उतार, खालून नालीसाठी पाइप. प्रेमसिंगच्या पंक्चर-वेल्डिंगच्या दुकानापुढं तसाच उतार होता. त्या ओळीत जवळजवळ प्रत्येक घरापुढं काही ना काही होतंच. कोणी पायऱ्या पुढं काढल्या होत्या, कोणी टिनाचा शेड उतरवला होता. विचारलं कोणीच नव्हतं.

पण धम्मरत्नची सारी नोकरी, रिटायर होईपर्यंत, वाशीमच्या कोर्टात बेलीफची होती. समन्स बजावणं, नोटीस चिकटवणं, कब्जा घ्यायच्या वेळी साहेबांबरोबर हजर राहणं. कोणाचा ओटा तोडला जायचा, कोणाची भिंत पडायची, तेव्हा हुकुमाचा कागद धरून उभा असायचा तो. आणि घरचा माणूस दरवेळी एकच बोलायचा, 'साहेब, आमाले कोनी सांगलंच नाई.' ते वाक्य त्याच्या कानात बसलं होतं. आपल्या तोंडून ते कधी निघू नये, एवढंच त्याला वाटे. पाइप नालीत उतरायच्या क्षणी त्याला ते ऐकू आलं आणि त्यानं गोविंदाला थांबवलं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक होते, आणि सरपंचबाईंचे यजमान उदयसिंग होते. सरपंचबाई उज्ज्वला घरी होत्या. कारभार उदयसिंगच पाहायचे.

"काका, रोड बांधकाम विभागाचा," ग्रामसेवक म्हणाले. "त्याच्यावर आम्ही काही बोलू शकत नाही."

"अन् नाली?"

"नाली आमची."

"मंग नालीवरची परवानगी द्या."

"ती देऊ. पण तुमचा उतार टेकणार कुठं? रोडच्या कडेला. तिथं त्यांची परवानगी लागेल."

"नाली अन् डांबराच्या मंधात मातीचा पट्टा हाये. थो कोनाचा?"

ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "ते पाहावं लागेल."

उदयसिंग हसले. "धम्मरत्नभाऊ, कायले डोकं लावून राह्यले? साऱ्या गावानं उतार केले. कोनं इचारलं आमाले?"

"कोनं इचारलं नाई म्हनूनच त इचारून राह्यलो."

"मंग वाशीमले जा बापा," उदयसिंग म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी तो वाशीमला गेला. कोर्टाच्या कामानं त्याला शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांची दारं पाठ होती, पण आजवर तो त्या दारांतून काहीतरी द्यायला शिरला होता. मागायला पहिल्यांदाच निघाला होता, आणि तेवढ्यानंच त्याची चाल बदलली होती.

बांधकाम विभागात रूपा मॅडम म्हणून कारकून होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेट्रोलपंप आहे का?"

"नाई."

"हॉटेल? ढाबा?"

"नाई मॅडम, घर हाये. मायी बायको खुर्चीवर हाये."

"रस्त्यावर यायच्या वाटेची परवानगी पंपवाले मागतात. घरासाठी अजून कोणी मागितली नाही हो काका." त्या खरोखर विचारात पडल्या. मग उठून त्याला आत साहेबांकडे घेऊन गेल्या.

साहेब तरुण होते. टेबलावर डबा उघडा होता, तो त्यांनी बाजूला सारला. "रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतरापर्यंत आमची हद्द असते. त्या हद्दीत पक्कं बांधकाम करता येत नाही."

"म्हंजे नाई म्हनता?"

"नाही असं म्हणत नाही."

"मंग व्हय?"

"हो असंही लिहून देता येत नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "काका, आजारी माणसासाठी आहे ना? करून टाका. पाण्याला वाट ठेवा, डांबरावर सिमेंट चढू देऊ नका. उद्या रुंदीकरण आलं तर निघेल, तेव्हाचं तेव्हा पाहू."

धम्मरत्न खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. माणूस चांगला होता, चांगल्या मनानं सांगत होता. पण 'करून टाका' ऐकून बांधलेली घरंच तर त्यानं आयुष्यभर रिकामी होताना पाहिली होती. नाही म्हटलं असतं तर तो उठून गेला असता. हो म्हटलं असतं तरी गेला असता. या दोन्हीच्या मधल्या जागी कसं उभं राहायचं, ते त्याला कळेना.

"साहेब, मले हद्दच दाखवून द्या," तो शेवटी म्हणाला. "कोठपरेंत तुमचं हाये अन् कोठून मायं हाये. मी माया हद्दीतच राह्यतो."

साहेबांनी डायरीत गावाचं नाव लिहून घेतलं. "ठीक आहे. माणूस पाठवतो."

माणूस आला तो बाजाराच्या दिवशी, रस्त्यावर वर्दळ असताना. दोघं होते. एकानं रस्त्याच्या मध्यावर टेप धरला, दुसरा तो ओढत धम्मरत्नच्या घरापर्यंत आला. टेप पायऱ्या ओलांडून नेमका ओट्याच्या कडेला येऊन थांबला. त्यानं ब्रशनं ओट्याच्या काठावर लाल रेघ मारली.

"ओटा तुमचा काका. पायऱ्या आमच्यात आल्या."

धम्मरत्नला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी बोट ठेवून काही दाखवलं होतं. तो पाणी आणायला आत वळला. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला तर ते दोघं तिथं नव्हते. टेप शेजारी पोचला होता. प्रेमसिंगच्या शेडच्या आत, पार वेल्डिंगच्या मशीनच्या मागं, भिंतीवर लाल रेघ उठली होती. तिथून पुढं गोमतीबाईंच्या न्हाणीवर, पुढं पिठाच्या गिरणीच्या दारावर. आलोच आहोत तर ओळीनं आखून टाकू, असं त्या माणसांनी ठरवलं असावं. गाडीत बसताना त्यांनी धम्मरत्नला हात केला, आणि तो साऱ्या ओळीनं पाहिला.

त्या संध्याकाळी प्रेमसिंग ओट्यासमोर येऊन उभा राहिला. पायरीवर चढला नाही. त्याच्या मागं गिरणीवाला होता, गोमतीबाई होत्या.

"बेलीफसाहेब, रिटायर झाले ना तुमी?"

"प्रेमसिंग, ऐक त—"

"मंग आमच्या घरी नोटीस कायले आनली?"

"मी माया घरापुरतं इचारलं होतं."

"टेप एका घरापाशी थांबते काय भाऊ? तुमची जिंदगी गेली कोर्टात, तुमाले हे समजत नाई? मायं दुकान गेलं त मशीन कोठी ठिवू? डोक्यावर?"

"कोनी तोडाले येनार नाई. निसती रेघ हाये."

"मंग तुमीच सांगा, रेघ कायले मारतेत?"

ही रेघ कशाची आहे, हे धम्मरत्नला खरंच माहीत नव्हतं. नोटीस म्हणावी तर कागद नव्हता, सही नव्हती, तारीख नव्हती. नुसतीच रेघ म्हणावी तर सरकारी माणसानं मारली होती. जाताना गोमतीबाई म्हणाल्या, "मायी न्हानी कोनाच्या आड येत होती रे बापा?"

आत चंपाबाई सगळं ऐकत होती. तो आत आला तेव्हा ती भिंतीकडे पाहत होती. आजारानंतर तिचे शब्द एकेक करून यायचे, मधे मोठी जागा सोडून. "मी... नाई जात," ती म्हणाली. "बाहीर. राहू द्या."

"तुह्यासाठी नाई झालं हे," तो म्हणाला. मग त्याला वाटलं, तिच्यासाठीच तर झालं. म्हणजे तिच्यासाठी केलं, पण झालं ते तिच्यासाठी नाही. हे कसं सांगावं ते न सुचून त्यानं दिवा लावला.

फोनवर पल्लवी चिडली. "बाबा, विचारलंच कशाला तुम्ही? गोविंदाकाकानं दोन दिवसांत करून दिलं असतं. आई आतापर्यंत बाहेर बसली असती."

"अन् उद्या तोडलं असतं त?"

"तोडलं असतं तेव्हा पाहिलं असतं. आता तोडलं नाही, बांधलंही नाही, आणि साऱ्या मोहल्ल्याशी वाकडं." मग ती म्हणाली, "तुम्ही चुकले असं नाही म्हणत मी. पण बरोबर काय झालं ते तरी सांगा."

त्यानं फोन ठेवून दिला.

रेती तशीच पडून राहिली. कोंबड्या तिच्यात अंग घुसळू लागल्या. तोडायला कोणी आलं नाही, आणि रेघ चुकीची आहे असं सांगायलाही कोणी आलं नाही. धम्मरत्न ग्रामपंचायतीत गेला तर ग्रामसेवक म्हणाले, आम्हाला त्यांच्याकडून काही आलेलं नाही. त्यानं वाशीमला फोन लावला तर रूपा मॅडम म्हणाल्या, साहेबांची बदली झाली, नवीन आले की विचारते. सकाळी ओट्यावर बसला की गिरणीवाला रस्त्याच्या त्या कडेनं जायचा. प्रेमसिंग डोळ्याला काच लावून वेल्डिंग करायचा, आणि काच काढल्यावरही याच्याकडे पाहायचा नाही.

मग चंपाबाईच्या दवाखान्याची तारीख आली.

ऑटो दारासमोर उभा राहिला. ऑटोवाल्याचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की मी उचलणार नाही. धम्मरत्न प्रेमसिंगच्या दुकानापर्यंत गेला. तिथं उभा राहिला. ठिणग्या उडत होत्या. त्यानं एकदा तोंड उघडलं, आणि परत फिरला. या माणसाला कोणत्या तोंडानं म्हणायचं, की ये, माझ्या बायकोला उचल?

तो दारात पोचतो तोच मागून मशीन बंद झाल्याचा आवाज आला. प्रेमसिंग भावाला घेऊन आला. हात फडक्याला पुसले, चंपाबाईसमोर वाकून "वयनी, चाला," एवढंच म्हणाला, आणि दोघांनी खुर्ची उचलली. चंपाबाईनं डोळे मिटले होते. या खेपेला धम्मरत्न खुर्चीच्या पुढं उतरत होता, त्यामुळं तिचा चेहरा त्याला समोरून दिसला. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता, आणि उजव्या हातानं गुडघ्यावरचं लुगडं मुठीत आवळलं होतं. खाली उतरेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही. तिला ऑटोत बसवून प्रेमसिंग आला तसा निघून गेला.

दवाखान्यातून परत आल्यावर धम्मरत्न ओट्यावर बसला आणि लाल रेघेकडे पाहत राहिला. रेघेच्या बाहेरचं काय, हे त्याला कोणीच सांगू शकलं नव्हतं. ग्रामपंचायत नाही, वाशीम नाही, लेक नाही. पण रेघेच्या आतलं? आतलं त्याचं होतं. हे तर त्या टेपवाल्यानं सरळ सांगितलं होतं. इतके दिवस तो बाहेरचं विचारत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोविंदाला बोलावलं.

"ओटा फोड," तो म्हणाला.

गोविंदाला वाटलं, भाऊचं डोकं फिरलं. "ओटा? अख्खा?"

"दारापासून त्या कोपऱ्यालोक. दारातून निंघाचं, भितीच्या कडेकडेनं आडवं उतराचं, अन् कोपऱ्यात जमिनीले लागाचं. रेघेच्या भाईर एक वीट जाऊ द्याची नाई. पायऱ्या बी काढून टाक."

"भाऊ, घराची शोभा जाईन. बसाचं कोठी मंग? मानूस आला त त्याले कोठी बसवान?"

"आत बसवीन."

"अन् नालीचं?"

"नालीवर सिमेट नाई. उचलून ठिवता येईन असं काईतरी पाहू."

गोविंदानं घण उचलला. त्या ओट्यावर चंपाबाईनं कितीतरी पोरं तोलली होती. अंगणवाडीची खोली गळायची तेव्हा वजनकाटा इथंच तुळईला टांगलेला असायचा. पहिला घाव बसला तेव्हा धम्मरत्न आत निघून गेला. चंपाबाई दाराकडे तोंड करून बसली होती. "काय... फोडून राह्यले?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं पदर नाकाला लावला. मग म्हणाली, "धूळ... येते. दार... लोटा."

उतार लांब झाला, आणि मंद झाला. गोविंदानं वर झाडूनं आडव्या रेघा ओढल्या, चाक घसरू नये म्हणून. सिमेंटवर पाणी मारायचं काम धम्मरत्ननं स्वतः केलं. गिरणीवाला एकदा थांबून पाहून गेला. प्रेमसिंग तिसऱ्या की चौथ्या दिवशी आला, हातगाडीवर एक लोखंडी पत्रा घालून. जुन्या ट्रॉलीच्या तळाचा जाड, खडबडीत पत्रा. त्याला दोन्ही बाजूंनी सळईच्या कड्या जोडलेल्या होत्या.

"हे नालीवर टाका," तो म्हणाला. "माया कामाचा नाई. पडून होता."

"प्रेमसिंग—"

"बोलू नका काई. माया भितीवरची रेघ अजून तशीच हाये, अन् थे मी इसरलो नाई. वयनीसाठी आनला." त्यानं पत्रा नालीवर बसवून पाहिला, पायानं दाबला, एक कोपरा हलतो म्हणून खाली वीट सारली. मग कडी धरून उचलून दाखवला. "काम झालं का काढून ठिवाचा. मंग कोन्या बापाचं काई म्हननं नाई."

कोणाचं काही म्हणणं आहे की नाही, हे धम्मरत्नला अजूनही उमगलं नव्हतं. हलणारा पत्रा म्हणजे बांधकाम का? नालीवर तो घटकाभर ठेवायचा तर कोणाला विचारायचं? प्रश्न ओठापर्यंत आला होता. त्यानं तो गिळला आणि पत्र्याचं दुसरं टोक धरलं.

सिमेंट वाळल्यावर एका सकाळी त्यानं चंपाबाईला धुतलेलं लुगडं नेसवायला पुतणसुनेला, नीलिमाला, बोलावलं. नीलिमानं केस विंचरून दिले. धम्मरत्ननं पत्रा टाकला, खुर्चीच्या मागं गेला आणि दोन्ही मुठी धरल्या. खुर्ची उंबऱ्यावरून उताराला लागली. मागं ओढून धरत, एकेक पाऊल टाकत तो भिंतीच्या कडेनं खाली आला. चंपाबाईनं डोळे मिटले नव्हते. तिचा उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता. कोपऱ्यात वळण घेऊन चाकं पत्र्यावर चढली, पत्रा खडखडला, आणि मातीचा पट्टा ओलांडून खुर्ची सडकेच्या कडेला येऊन थांबली.

गोमतीबाई न्हाणीतून पाहत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि "चंपा, आली का वं?" म्हणून विचारलं. चंपाबाईनं मान हलवली.

धम्मरत्नला घाम आला होता. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. इतके महिने त्यानं फक्त घरापासून सडकेपर्यंतचाच विचार केला होता. सडकेच्या पुढचं त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. तो वाकून तिच्या कानाशी गेला.

"कोठी जाचं?"

चंपाबाईनं एकदा अंगणवाडीच्या बाजूला पाहिलं. मग बसथांब्याकडे, दुकानांकडे. तिचा उजवा हात थोडा वर आला, कुठं तरी बोट करायला निघाला, आणि मधेच थांबून परत मांडीवर टेकला.

"कोठीच... नाई," ती म्हणाली. "थांबू... इथंच."

समोरून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवत येत होता. धम्मरत्ननं चाकाचा ब्रेक लावला, आणि तो खुर्चीच्या मागून निघून रस्त्याच्या बाजूला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.